नेहरू प्लेसच्या बाजारात

दिल्लीच्या दक्षिण भागात, कमलमंदिरापासून जवळच, उंच इमारतींनी वेढलेला एक फरसबंद चौक आहे: नेहरू प्लेस. संगणकांचा हा बाजार देशभर विख्यात आहे. मोठ्या, जड लॅपटॉपसाठी सॅक घेण्याकरिता येथे येणाऱ्या प्रवाशाने मोजण्याची टेप अवश्य जवळ ठेवावी.

विक्रेता ‘सतरा इंची’ म्हणतो, तो आकडा पडद्याच्या कर्णाचा. १७.३ इंची रुंद पडदा आडवा सुमारे ३८ सेंटिमीटर भरतो. यंत्र त्याहून मोठे, आणि जाडी तर त्या आकड्यात कोठेच येत नाही. तेव्हा यंत्रच सोबत न्यावे व स्लीव्हमध्ये घालून पाहावे. स्लीव्ह अंगासरशी बसावी; सैल असली तर यंत्र आत हिंदकळते. मग ते सारे सॅकमध्ये ठेवून कप्प्याचा तळ चाचपावा. कप्पा सॅकच्या तळापासून दोन बोटे वर शिवलेला नसेल, तर सॅक जमिनीवर टेकताच आघात थेट यंत्राच्या कोपऱ्यास बसतो. देखण्या कापडाला भुलण्यापेक्षा पट्ट्यांची शिवण उलटून पाहिलेली बरी!

असे यंत्र तीन किलोंच्या घरात जाते, आणि त्याचा चार्जर म्हणजे जणू वीटच. देशांतर्गत विमानात हातसामानाची मर्यादा बहुधा ७ किलो असते. त्यात कपडे किती मावणार? रुंद, गादीदार पट्टे आणि छातीवरचा आडवा पट्टा असलेली सॅक घ्यावी, ती भरून चौकाला एक फेरी घालावी, मगच पैसे द्यावेत. रविवारी मात्र हा बाजार बहुतांशी बंद असतो.