दूध पुरत नाही

वीतभर कागदावर एकच ओळ होती : ‘आईचे दूध अपुरे. वरचे दूध चालू करणे.’ खाली एका डब्याचं नाव आणि सही. तेव्हा मी बालरोगशास्त्रात एमडी करत होते. आता तोच विषय शिकवते. तरी त्या ओळीचा संताप तसूभरही कमी झालेला नाही.

मुलगी पहिलटकरीण, नवरा वीटभट्टीवर कामाला. बाळंतपण गावाजवळच्या खासगी दवाखान्यात, अडचण काही नाही, बाळ पूर्ण दिवसांचं. जन्मताना वजन २ किलो ८०० ग्रॅम. चौथ्या दिवशी घरी सोडताना पुन्हा काट्यावर ठेवलं तर भरलं २ किलो ६५०. आदल्या रात्री बाळ खूप रडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, हिला दूधच येत नाही. झालं, कागद हातात पडला.

या दीडशे ग्रॅमबद्दल मला बोलायचं आहे. जन्मानंतर पहिले काही दिवस जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं, काळी शी होऊन जाते आणि आईचं दूध नुकतं कुठे उतरू लागलेलं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं वजन सात टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, तर आई कशी पाजते आहे हे नीट तपासायचं. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर काळजीचं. या बाळाचं उतरलं होतं पाच टक्क्यांच्या जरा वर. दहा ते चौदा दिवसांत ते आपोआप जन्मवजनावर आलं असतं. त्याला चोवीस तासांत लघवी किती वेळा होते, हे कोणी विचारलं नव्हतं. आई पाजताना कोणी बघितलं नव्हतं. निपल तेवढं तोंडात आहे की भोवतीचा काळा भागही आहे, बाळ गिळतंय का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. ती कोणी दिली नाहीत.

बाळ आमच्या वॉर्डात आलं ते अडीच महिन्यांचं होऊन. वजन ३ किलो १००. या वयाला ते साडेचार किलोच्या आसपास हवं होतं. टाळू खोल गेलेली, डोळे आत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. तीन दिवस जुलाब चालू होते. आजीने पिशवीतून बाटली काढून दाखवली. आतलं दूध ताकाच्या निवळीसारखं. डब्यावर लिहिलेलं असतं, ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा. हे लोक भरल्या बाटलीत दोन चमचे टाकत होते, कारण नवऱ्याच्या मजुरीत डबा महिनाभर पुरवायचा होता. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला. त्यामुळे बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करता येत नाही आणि आईचं दूध बाळाला सर्वांत चांगलं, हे डब्यावर ठळक छापावंच लागतं. त्या घरातल्या डब्यावरही ते छापलेलं होतं. पण ते वाचणार कोण? आणि वाचलं तरी डॉक्टरच्या सहीपुढे डब्यावरच्या अक्षरांना कोण विचारतो?

सलाईन लावलं, जुलाब थांबले, बाळ जरा तरतरीत झालं. त्या मुलीला हिस्टरी विचारत होते तेव्हा ती खाली बघत म्हणाली, “माझ्यातच खोट हाय म्याडम. मला दूधच न्हाई.” अडीच महिने ती हेच ऐकत आली होती. घरात आलेली प्रत्येक बाई तिला बोलून गेली होती. तिच्या अंगावर चांगलं दूध उतरायला लागलं होतं, तेव्हाच तिला ते नाही असं सांगण्यात आलं आणि बाळ ओढेनासं झाल्यावर ते खरोखरच आटलं. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं, हे फिजिऑलॉजी आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. ज्याने तो कागद लिहिला तोही शिकला होताच.

पुढचं काम वॉर्डातल्या जुन्या सिस्टरनी केलं. त्यांनी सगळ्यात बारीक फीडिंग ट्यूब घेतली, एक टोक चिकटपट्टीने निपलपाशी लावलं, दुसरं वाटीतल्या दुधात बुडवलं. बाळाला बाटलीची सवय, ते तोंड फिरवून रडायला लागलं. सिस्टरनी चमच्याने थोडं दूध छातीवरून ओघळू दिलं. बाळाने जीभ लावली, मग ओढलं. ट्यूबमधून दूध वर चढताना दिसत होतं. बाळाला वाटत होतं आईच पाजते आहे आणि आईचं शरीरही तेच समजत होतं. वाटी वर धरली की दूध भराभर येतं, खाली धरली की बाळाला जोर लावावा लागतो. सिस्टर रोज वाटी थोडी खाली धरायच्या आणि तिच्यातलं दूधही कमी करत जायच्या. रात्रपाळीच्या सिस्टरनाही बजावून जायच्या, बाटली दिसली तर माझ्याशी गाठ आहे. एका सकाळी त्या मुलीने छाती दाबून बघितली तर पांढरे थेंब आले. तिने विचारलं, “म्याडम, हे माझं हाय?” मला बोलता येईना. सिस्टरच म्हणाल्या, “तुझं नाही तर कुणाचं गं?”

बाळाने हळूहळू बाळसं धरलं. पण सगळ्याच बाळांचं असं होत नाही आणि अडीच महिन्यांची उपासमार बाळाच्या नशिबी यावी असा आजार त्याला मुळात नव्हताच.

माझे विद्यार्थी हुशार आहेत. वजन पाच महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट. लांबी जन्मताना ५० सेंटिमीटर, वर्षाला ७५, चार वर्षांना १००. तिसऱ्या महिन्यात मान धरतं. सगळं घडाघडा म्हणतात. पण बाळ उघडं करून, काटा शून्यावर आणून वजन करा म्हटलं की निम्म्यांचे हात थरथरतात. नवजात मुलीला अंगावर जरासं जातं, मुलग्याचीही छाती सुजून तिच्यातून दूध येतं, कमरेवर निळसर डाग असतात, हे पुस्तकात दोन ओळींत येतं. ते माहीत नसलेला डॉक्टर अँटिबायोटिक लिहितो. इकडे घरी मालिशवाली छाती पिळते आणि खरोखरच गळू होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून जगभर वापरात असलेले वाढीचे तक्ते मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या अमेरिकी मुलांवरून काढले होते, त्यामुळे अंगावर पिणारं चांगलं मूल काही महिन्यांनी त्यावर मागे पडलेलं दिसायचं. भारतासह सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवे तक्ते दिले. निरोगी मूल कसं वाढतं हे जगाला नीट ठरवायला इतका काळ लागला, तर विद्यार्थ्याला ते दोन ओळींत कसं कळावं?

ते शिकवता येतं, हे गडचिरोलीत सिद्ध झालं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले : नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. त्या बायका घरोघरी जाऊन बाळं हाताळत होत्या, रोज, धडधाकट आणि आजारी दोन्ही. आमचा इंटर्न साडेचार वर्षं शिकून येतो आणि त्याने धडधाकट बाळ क्वचितच हातात घेतलेलं असतं.

इतकं लिहिलं, आणि आता याच्या उलट सांगायचं आहे. त्याच वर्षी पाच दिवसांचं एक बाळ आलं, हळदीसारखं पिवळं, कमानीसारखं मागे वाकलेलं. पहिल्या दिवशी संध्याकाळीच ते पिवळं दिसत होतं. आईने विचारलं तर उत्तर मिळालं, सगळ्याच बाळांना कावीळ होते, कोवळ्या उन्हात धरा. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. आम्ही रात्रीत रक्त बदललं. बाळ वाचलं, पण ऐकू येणं गेलं. कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली की ती आजार समजायची, तळहात-तळपाय पिवळे झाले की थांबायचं नाही आणि शी पांढरट होत असेल तर बाळ कितीही गुटगुटीत असो, त्याला पुढे पाठवायचं. ऊन हा त्यावरचा उपचार नव्हे. पहिल्या डॉक्टरने उगाच हात घातला म्हणून मी चिडले, दुसऱ्याने घातला नाही म्हणून. ‘काळजी करू नका’ हे वाक्य एका आईला सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही आणि दुसरीला सांगायला नको होतं ते सांगितलं. वर्गात हे दोन्ही एका दमात सांगते तेव्हा मुलं गोंधळतात. मला त्यांचा राग येत नाही.

विद्यापीठाकडे माझी मागणी एवढीच आहे. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात आजारी मुलांबरोबर एक ठणठणीत मूल ठेवा. विद्यार्थ्याने त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर स्वतः मोजावा, तक्त्यावर मांडावा आणि त्याच्या आईला तिच्या भाषेत सांगावं की बाळ ठीक आहे, का ठीक आहे आणि काय दिसलं तर त्याच रात्री उचलून आणायचं. त्याला भरपूर मार्क ठेवा. मार्क असले की मुलं बाळंतिणींच्या वॉर्डात आपणहून येऊन बसतात, हे मी पाहिलं आहे.