फक्कीचा आठ

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि खो-खोचं मैदान आखायचं काम तिच्याकडं असायचं. त्यामुळं आमच्या नांदेडच्या घरामागं लायसन्सच्या परीक्षेचा आठ काढायला दुसऱ्या कुणाला बोलवावं लागलं नाही. दोन खुंट्या, सुतळी आणि शाळेतून आणलेली अर्धी बादली फक्की. एका खुंटीभोवती सुतळी ताणून एक गोल, त्याला चिकटून दुसरा. दोन्ही गोल एकमेकांना भेटतात तिथं ती फक्की मुद्दाम जरा जास्त सोडायची आणि म्हणायची, “हितंच पाय टेकतोय बघा सगळ्यांचा.” तिला स्वतःला तेव्हा सायकलसुद्धा येत नव्हती.

पोरं सात, गाडी एक. आबांनी १९९१ मध्ये घेतलेली बजाज चेतक, एमएच-२६ पासिंगची. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस तोवर सरत आले होते, पण आबांच्या मनातून ते काही सरले नव्हते. पहिली दोन वर्षं गाडीवर जुन्या सोलापुरी चादरीची खोळ असायची आणि खोळ काढायचा मान फक्त आबांचा. पुढं त्याच गाडीवर आम्ही सातही जण शिकलो, हे आबांच्या डोळ्यांसमोर झालं आणि तरी ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की गाडी पोरांच्या हातात दिलेली नाही.

चेतक शिकणं म्हणजे आधी डावा हात शिकणं. क्लच त्याच मुठीत, गिअरही त्याच मुठीत. मूठ पिरगाळली की पहिला पडायचा, पण क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद. मग गाडी उजवीकडं कलती करायची, परत उभी करायची, किक मारायची. ही कलती करायची विद्या नेमकी कशासाठी, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. सगळे करतात म्हणून आम्हीही करायचो. हाफ क्लच मात्र आम्हाला मोंढ्याजवळच्या एका मिस्त्रीनं शिकवला. “क्लच कू हौले छोडो, हात में अंडा है समझो,” एवढंच तो म्हणाला आणि परत प्लगची काजळी खरडायला बसला. आजही क्लचच्या गाडीत बसलं की मुठीत ते अंडं येतं.

चेतकचं इंजिन उजव्या अंगाला. म्हणून उजवीकडचा गोल गाडी आपसूक घेते आणि डाव्या गोलात अडते, असं आमचं सगळ्यांचं ठाम मत होतं. नापास झालेला प्रत्येकजण हेच कारण सांगायचा.

लातूरला मामाकडं गेलं की काकूची फक्की नसायची, पण गंजगोलाई होती. मधे गोल आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एरवी तिथं पायी चालायची सोय नाही. सराफा, कापड, भांडी, मिरच्या, हातगाडे. पण वर्षातून एक दिवस असा येतो की गोलाईत कुत्रंसुद्धा आडवं येत नाही. मार्गशीर्षातली अमावास्या, आमची येळवस. अख्खं लातूर शेतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ज्यांना शेत नाही त्यांना शेजारचे ओढून नेतात. गावात संचारबंदी लागल्यासारखं दिसतं.

मामा सकाळी मामी, आजी आणि आंबिलाचं बिंदगं टेम्पोत घालून पुढं पाठवायचा आणि मागं राहायचा. म्हणायचा, काहीतरी विसरलंय, ते घेऊन येतो. विसरलेलं काहीच नसायचं. मग तासभर गोलाई आमची. मामाची लुना आणि नांदेडहून आलेली चेतक. मामा बंद दुकानाच्या पायरीवर बसून ओरडायचा, “चाकाकडं कामून बघूलालास? मोरं बघ की! नजर जाईल तिकडं गाडी जाते!” आठ काढायची सगळी किल्ली या एका वाक्यात आहे, हे कळायला मला तीन येळवशी लागल्या. दुसरी किल्ली ताईला सापडली: पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही, मागचा ब्रेक पायानं नुसता धरून ठेवायचा आणि गाडी त्याच्या विरुद्ध हळूहळू ओढायची. धाकट्या मामेभावाची अडचण वेगळी होती. गोलाईला फेऱ्या मारून त्याला एकाच बाजूला वळायची सवय लागली. गोलाई म्हणजे शून्य. आठाला दोन लागतात.

१९९३ च्या वर्षी मात्र कुणी गाडीचं नाव काढलं नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर लातुरात माणसं किती तरी दिवस घराबाहेर झोपली. मामाच्या अंगणात रांगेनं बाजा. लुना भिंतीपासून लांब, मधोमध उभी. पहाटे कुठं काही हललं की आजी पहिल्यांदा पोरं मोजायची आणि मग लुना सरळ उभी आहे का ते बघायची.

ताईचं लायसन्स सगळ्यात आधी झालं. सोळा पूर्ण झालेल्यांना पन्नास सीसीपर्यंतची विनागिअरची गाडी चालवता येते, वडिलांनी संमतीची सही केली की झालं. लुना बरोबर त्या मापात बसत होती. ताई बारावीच्या क्लासला लातूरला मामाकडं राहायची. लातूर पॅटर्नच्या त्या दिवसांत पहाटे एक शिकवणी, दुपारी दुसरी, आणि मधे गावाचं एक टोक ते दुसरं टोक. परीक्षेत तिनं आठ काढला आणि मधे तोल जायला लागला तेव्हा चक्क दोन पायंडल मारले. लुनाला पायंडल असतात, पाय जमिनीला लागला नाही, नियम मोडला नाही. परीक्षा घेणारे साहेब हसले आणि सही केली, असं ती सांगते. आम्ही अजून वाद घालतो की हे धरायचं का नाही.

दादाची गोष्ट उलटी. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवस थांबायचं, मग परीक्षा. नापास झालं तर सात दिवसांनी परत. तीनदा नापास झालं की साठ दिवस गप्प बसायचं. दादानं हा सगळा कायदा अंगावर अनुभवून आम्हाला शिकवला. पहिल्यांदा फक्कीच्या त्याच जागी पाय टेकला. दुसऱ्यांदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा आठ असा निघाला की बघणारे थांबले. पण थांबताना हात दाखवायचा राहिला. स्कूटरवर सगळे हातवारे उजव्या हातानं आणि ॲक्सिलेटरही उजव्याच मुठीत. हात वर केला की गाडी आपोआप मंदावते, मग हात कशाला दाखवायचा, असं दादाचं म्हणणं. ते त्यानं साहेबांनाही ऐकवलं. पुढच्या साठ दिवसांना काकू ‘अर्धा चातुर्मास’ म्हणायची. त्यात मधला माणूस धरून घरबसल्या लायसन्स आणून देणारे सगळ्याच गावांत भेटायचे. आबांनी त्यातल्या एकाला चहा पाजला आणि सांगितलं, पोरगं पडलं तर तुम्ही उचलायला येणार का?

कागदावर पास झाल्यावर आबांची परीक्षा सुरू व्हायची. ज्याचं लायसन्स आलं त्यानं आबांना मागं बसवून येळवशीला लातूर गाठायचं. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. आष्टामोडला चहा. आबा वाटेत एक शब्द बोलायचे नाहीत. ट्रक अंगावर आला की त्यांचे गुडघे आपल्या कमरेला घट्ट लागायचे, तेवढाच शेरा. माझ्या वेळी चाकूरच्या अलीकडं पेट्रोल संपलं आणि मी कॉक रिझर्व्हला वळवला तो चालत्या गाडीवर, खाली वाकून. गुडघे असे आवळले गेले की दोन दिवस कंबर दुखत होती. लातुरात उतरल्यावर आबा मामाला म्हणाले, “बरा आणला.” या दोन शब्दांवर मी ते अख्खं वर्ष काढलं.

धाकट्यांची पिढी चारचाकीवर शिकली, ते २००८ च्या आसपास. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, पूल झाले, आणि नव्या डांबरावर पहाटे ‘एल’ लावलेल्या गाड्या फिरायच्या. पांढऱ्यावर लाल ‘एल’. आमच्या वेळी तो काकूच्या शाळेतल्या कार्डबोर्डचा असायचा आणि पावसात रंग उतरून नंबर प्लेटवर ओघळायचा. शेजारी दुसरा ब्रेक घेऊन बसलेला मास्तर असणं ही चैन आम्हाला फार वाटली. आमचा दुसरा ब्रेक म्हणजे मागं पळणारा दादा.

आणि काकू. तिची बदली अशा गावाला झाली की जायला एसटी होती, यायला नव्हती. पन्नाशीला तीन वर्षं कमी असताना तिनं स्कूटी घेतली. आम्ही सगळे शिकवायला सरसावलो, तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. स्वतःच फक्की टाकली, पदर खोचला, महिनाभर संध्याकाळी शाळेच्याच मैदानावर गेली. परीक्षेच्या दिवशी साहेबांनी हाताच्या खुणा विचारल्या. तिनं उभं राहून पीटीच्या तासासारख्या करून दाखवल्या: उजवीकडं, तळहात पुढं, डावीकडं, हात गोल फिरवून, हळू, हात वरखाली, थांबतोय, हात कोपरातून वर. मग आठ. एका दमात, पहिल्याच वेळी. आमच्यापैकी ताई सोडली तर हे कुणालाच जमलेलं नाही, आणि ताईचं पायंडल वादात आहे.

आता पुतणी शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरात सोफ्यावर बसून देते. पंधरापैकी नऊ बरोबर आले की पास. तिचे चौदा आले आणि दादा दिवसभर खिन्न होता.

चेतक मागच्या वर्षी विकली. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून हौसेनं फिरवणारा एक तरुण आला होता. आबा आता नाहीत, त्यामुळं खोळ काढायची कुणी हा प्रश्न क्षणभर पडला. शेवटी काकूनं काढली. पोरानं गाडी उजवीकडं बरोबर कलती केली, तिसऱ्या किकला चालू केली आणि चक्कर मारून येतो म्हणाला. आम्ही पाच जण आणि काकू फाटकाशी उभे. तो गल्लीच्या टोकाला गेला, वळला. कुणी इंजिनचा आवाज ऐकत नव्हतं, कुणी धूर बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा त्याच्या पायावर.

“टेकला,” काकू म्हणाली.