वेळ मिळाल्यास

मार्चमध्ये आई-बाबा, ताई आणि भाचीला घेऊन दिल्ली पाहायला गेलो. यादी मीच केली होती. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान. शेवटी लिहिलं होतं : 'वेळ मिळाल्यास २६, अलीपूर रोड.'

आईने यादी वाचून एवढंच विचारलं, "बाबासाहेबांकडे वेळ मिळाल्यास?"

समाजशास्त्रात एम.ए. केलेला मी गप्प झालो. पर्यटन कंपन्यांच्या याद्यांवर टीका करणाऱ्या माझ्याच डोक्यात त्यांची यादी बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तिथेच गेलो. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब इथे राहायला आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. मूळ घर आज नाही. २०१८ पासून तिथे उघडलेल्या संविधानाच्या आकाराचं स्मारक आहे.

"मामा, ते घर त्यांचं होतं?" भाचीने विचारलं.

"नाही. सिरोहीच्या महाराजांचं."

"कायदामंत्री होते, तरी दिल्लीत स्वतःचं घर नाही?"

मी तिला मुंबईच्या राजगृहाबद्दल सांगितलं. आई शांत उभी होती.

मित्रांनो, कुठे थांबायचं आणि कुठून नुसतं पुढे जायचं हे ठरवताना कुणाचा इतिहास पाहायचा हेही ठरतं. चैत्यभूमी, दीक्षाभूमीला आपण लाखोंनी जातो, कारण ती यादी आपली आहे. दिल्लीचीही यादी आपणच करायला हवी.

उद्यानाला वेळ मिळाला नाही. आईने त्याचं नावही काढलं नाही.

जय भीम!