जुनीं यंत्रें

जुनीं नाणीं, पोस्टाचीं तिकिटें किंवा अडकित्ते जमविणाऱ्यास लोक रसिक म्हणतात. जुने संगणक जमविणाऱ्यास काय म्हणतात, हें आमच्या घरांतील मंडळींस विचारावें. पणजीची पितळी परात माळ्यावर आदरानें जपणाऱ्या या घरांत चाळीस वर्षांपूर्वींचा संगणक मात्र 'भंगार' ठरतो! "याचा आतां उपयोग काय?" हा प्रश्न तर ठरलेलाच. ८ गिगाबाइट स्मृतीचा दूरध्वनी खिशांत बाळगणाऱ्या पुतण्याला आमच्या आवडत्या यंत्राची स्मृति आपल्या दीड लाखांव्या हिश्श्याहूनही कमी आहे हें कळलें, तेव्हां त्यानें आमच्याकडे ज्या करुणेनें पाहिलें ती आम्ही विसरलों नाहीं.

तें यंत्र म्हणजे 'झेडएक्स स्पेक्ट्रम'. १९८२ सालच्या एप्रिलांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं तें इंग्लंडांत बाजारांत आणलें. ४८ किलोबाइटांच्या यंत्राची किंमत १७५ पौंड होती. त्याच सुमारास केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' आणि अमेरिकेंतील 'कमोडोर ६४' हेही निघाले. पैकीं बीबीसी मायक्रो १९८४ पासून सरकारी योजनेंतून आपल्याकडील शाळांत पोंचला, आणि कित्येक विद्यार्थ्यांनीं आयुष्यांतील पहिला संगणक पाहिला तो हाच. पण घरगुतीपणांत स्पेक्ट्रमची सर कोणास नाहीं. त्याला स्वतःचा पडदा नाहीं, तो घरच्या टेलिव्हिजनचा. संग्रहाची सोय नाहीं, ती घरच्या टेपरेकॉर्डरची. कॅसेट लावली कीं कर्कश किंकाळी सुरू होई, पडद्याच्या कडांवर रंगीत पट्टे नाचूं लागत, आणि पांचएक मिनिटें सारें घर श्वास रोधून बसे. शेवटीं 'आर टेप लोडिंग एरर' अशी ओळ उमटली, कीं पुनः पहिल्यापासून!

आमचें यंत्र थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, १९८५ त विलायतेहून आणलें. दादांना जाऊन आतां बारा वर्षें झालीं. या यंत्रावर त्यांनीं घरच्या दुधाचा हिशेब मांडला होता, आणि तोही मराठींत. स्पेक्ट्रमवर आपल्या मनाजोगतीं एकवीसच चिन्हें घडवितां येतात. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत बसवावें लागतें. दादांनीं चौकटीच्या वहींत पेन्सिलीनें घरें भरून अक्षरें पाडलीं. त्यांतलीं पहिलीं सात 'श्रीगणेशाय नमः' यालाच खर्ची पडलीं. काटकसर म्हणून तें गाळावें, हें त्यांच्या मनांतही आलें नाहीं.

दादांच्या माघारीं यंत्र पेटींत पडून होतें. अशा यंत्रास एकदम वीज लावणें म्हणजे लंघन केलेल्या माणसास पंगतीला बसविणें! प्रथम तेथील विद्युद्दाब मोजावा लागतो. स्पेक्ट्रममधील स्मृतीच्या पहिल्या आठ चिपांना तीन निरनिराळे दाब लागतात, आणि त्यांतील उणे पांच व्होल्टचा नाहींसा झाला तर त्या जळतात. कमोडोरचें दुखणें याहून वाईट: त्याचा वीजपुरवठ्याचा ठोकळा आंतून राळेनें भरलेला असतो, तो जुना झाला कीं पांच व्होल्टांच्या जागीं जास्त देऊं लागतो आणि स्मृतीच्या चिपा मारून टाकतो. आम्हीं स्पेक्ट्रममधील सुकलेले कपॅसिटर बदलले, आणि रबरी कळांखालचा प्लास्टिकचा पातळ पडदा नवा घातला. जुन्याची पट्टी हात लावतांच पापडासारखी मोडली. असे पडदे आजही नवे मिळतात, ही या छंदावरची कृपाच समजावयाची.

इतके भाग बदलल्यावर तें दादांचेंच यंत्र राहिलें काय, असें एका स्नेह्यांनीं विचारलें. कौलें बदललीं म्हणून वाडा परका होत नाहीं, असें आमचें मत आहे. पिवळ्या पडलेल्या पेट्या हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशांत पुनः पांढऱ्या करण्याची जी रीत अलीकडे रूढ झाली आहे, ती मात्र आम्हांस रुचत नाहीं. म्हाताऱ्यानें कलप लावावा तसें तें दिसतें. (स्पेक्ट्रम मुळांतच काळा, तेव्हां आमच्या तत्त्वनिष्ठेची कसोटी लागली नाहीं, हें खरें.)

खरी काळजी कॅसेटची होती. यंत्राचे भाग मिळतील. फितीवरचें चुंबकत्व एकदां गेलें कीं गेलें. टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन केसभर जरी चुकला, तरी फीत वाचली जात नाहीं. म्हणून बारीक पेचकसानें स्क्रू फिरवीत, आवाज जेथें सर्वांत धारदार होईल तेथें थांबावें लागतें. तीन संध्याकाळीं आम्ही ती किंकाळी ऐकत होतों आणि घरांतील मंडळी दारें लावून घेत होतीं. चौथ्या दिवशीं पडद्यावर ओबडधोबड अक्षरांत 'श्रीगणेशाय नमः' उमटलें.

वहिनी भाजी निवडीत होत्या. त्या उठून आल्या, कांहीं वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "भाऊजी, शहाऐंशीचा मे महिना लावा पाहूं." प्रत्येक महिन्याची नोंद दादांनीं वेगळी सांठविली होती. मे महिना लागला. रोज चार लिटर, चार लिटर, आणि मध्येंच एके दिवशीं एकोणीस. "बाळूची मुंज," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशीं बासुंदी लागली होती. मी सांगत होतें वीस घ्या, यांनीं एकोणीसच घेतलें." आणि बाळू, जो आतां स्वतः पन्नाशीकडे झुकला आहे, त्याला फोन करण्यास त्या आंत गेल्या.

वाचल्या गेलेल्या महिन्यांच्या आम्हीं तीन तीन प्रती करून ठेवल्या आहेत. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूस सत्त्याऐंशीचे महिने आहेत. त्यांतील दिवाळीच्या महिन्याशीं येतांच अजून 'आर'ची ओळ उमटते. आज रात्रीं जेवणें झाल्यावर स्क्रू आणखी थोडा डावीकडे फिरवून पाहणार आहों.