समोर उभं राहून ऐकावं

‘स्पीकर’ हे गेल्या काही वर्षांत आपल्याकडे निव्वळ एका वस्तूचं नाव राहिलेलं नाही. शब्द उच्चारला की लोक आधी विचारतात, कुणाचा? मशिदीवरचा, मंडळाचा, उरुसातला की लग्नातला? त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारसाठी बारा इंची चार स्पीकरांची मोठी पेटी मी घरीच बांधायला घेतली, तेव्हा अम्मीचा पहिला प्रश्न होता, “मोहल्लेवाले क्या बोलेंगे?” संगीत जायज की नाजायज हा प्रश्न नंतर आला, तोही एका दूरच्या नातेवाइकाकडून. आमच्या मिरजेत तो जरा दबकतच विचारावा लागतो. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात तिथेच गाण्याच्या मैफली होतात. सतारी-तानपुरे घडवणारी इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या मुसलमानांची आहेत. तेव्हा अम्मीचाच प्रश्न खरा होता. शेजाऱ्यांचं काय?

आधी ही पेटी म्हणजे काय ते सांगतो. तानपुऱ्याचा भोपळा तारेबरोबर गातो. इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड मात्र जवळजवळ मुकं असतं. तारेची थरथर खालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विजेत बदलते, ती ॲम्प्लिफायरमध्ये वाढते आणि स्पीकरचा कागदी पडदा हलतो तेव्हा कुठे आवाज होतो. घरातला म्युझिक सिस्टिमचा स्पीकर रेकॉर्डिंग आहे तसं ऐकवायचा प्रयत्न करतो. गिटारचा स्पीकर तसं करत नाही. साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं तो झपाट्याने गाळून टाकतो आणि त्यामुळेच ॲम्प्लिफायरची कर्कशता कानाला सुसह्य होते. म्हणून ही पेटी मला वाद्याचाच भाग वाटते. भोपळाच तो, फक्त वाद्यापासून दूर ठेवलेला.

या पेटीचं घराणं लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये सुरू झालं. जिम मार्शल मूळचे ड्रमवादक आणि ड्रम शिकवणारे. १९६० मध्ये त्यांनी तिथे वाद्यांचं दुकान काढलं. गिटार वाजवणारी तरुण मुलं दुकानात यायची, त्यांना अमेरिकन ॲम्प्लिफायर महाग पडायचे. १९६२ पासून मार्शल यांच्याकडेच ॲम्प्लिफायर बनू लागले आणि त्यांच्याखाली ठेवायला चार स्पीकरांची बंद पेटी आली. त्या काळचा एक स्पीकर जेमतेम पंधरा-वीस वॅट सोसायचा. ताकद चौघांत वाटली तर पडदे टिकायचे. म्हणजे चार हा आकडा गरजेतून आला, दिखाव्यातून नाही.

दिखावाही लवकरच आला. १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडच्या पीट टाऊनशेंड यांना आणखी मोठा आवाज हवा होता. शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर आणि आठ स्पीकरांची एकच पेटी त्यांनी मागितली. पेटी झाली, पण ती ट्रकमधून चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचे हाल झाले. मग तिचे दोन भाग करून एकावर एक ठेवायची पद्धत पडली. रॉक मैफलीत वादकांच्या मागे दिसणारी ती प्रसिद्ध भिंत अशी हमालांच्या पाठीतून जन्मली. टाऊनशेंड यांनी पुढे स्वतःच्या बिघडलेल्या कानांविषयी अनेकदा जाहीरपणे सांगितलं.

माझी पेटी चार स्पीकरांचीच. स्पीकर सेलेस्टियनचे, ज्यांना त्यांच्या हिरव्या टोपीमुळे ग्रीनबॅक म्हणतात ते. प्रत्येकी २५ वॅटचे. पैसे जमतील तसे दोन वर्षांत एकेक करून घेतले. पेटी अडीच फूट रुंद, तेवढीच उंच आणि सव्वा फुटाच्या आत खोल. लाकूड १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय. काम केलं अब्बूंच्या दोस्तीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी. मी त्यांना चाचा म्हणतो. कागदावरचं माप बघून चाचा म्हणाले,

“इतना बडा डब्बा, इसमें भरनेका क्या है?”

“हवा, चाचा.”

“हवा भरने को इतना महँगा प्लाय?”

पण कामाला हात लागल्यावर त्यांना सगळं उमगलं. कोपरे खिळ्यांनी न जोडता दोन्ही फळ्यांना दात पाडून एकमेकांत बसवले, मध्ये गोंद. पुढच्या फळीवर सुमारे अकरा इंच व्यासाची चार भोकं. मागची फळी बंद आणि दर चार-पाच इंचांवर स्क्रू. पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधोमध लाकडाचा एक ठोकळा, म्हणजे मागची फळी थरथरत नाही. चाचांनी तरुणपणी एका सतारमेकरांकडे काम केलेलं. पेटी पुरी झाल्यावर त्यांनी बोटाच्या पेराने चारी बाजूंना टकटक केली आणि म्हणाले, “वहाँ लकडी बोली तो अच्छा, यहाँ चुप बैठी तो अच्छा.” जाड पुस्तकात दोन पानं लागली असती ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. प्लाय पूर्ण चूप बसत नाही, थोडा गुणगुणतो, आणि तेवढं हवंहवंसं असतं.

मागची बाजू बंद का? पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. पाठ उघडी असेल तर मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि खालच्या सुरांना खाऊन टाकते. पाठ बंद केली की खर्ज घट्ट आणि नेमका येतो. चार पडदे एकाच वेळी पुढे-मागे झाले की खालचे सूर एकमेकांना उचलून धरतात. एखाद्याची जोडणी उलटी झाली तर तो बाकीच्यांच्या विरोधात हवा ओढतो आणि आवाज पोकळ होतो. म्हणून दीड व्होल्टचा साधा सेल प्रत्येक स्पीकरला क्षणभर लावून पाहिला. चारही पडदे पुढेच सरकले. माझे स्पीकर १६ ओहमचे. दोन-दोन एकापाठोपाठ जोडले की ३२ ओहमच्या दोन जोड्या होतात, त्या जोड्या समांतर जोडल्या की पुन्हा १६. ॲम्प्लिफायरला चार स्पीकर एकासारखेच दिसतात.

वर रेक्झिन, पुढे जाळीचं कापड, खाली चाकं. सगळं मिळून तिचं वजन चाळीस किलोच्या घरात गेलं.

वाजवायची वेळ आली तेव्हा गिटार मी भाच्याच्या हातात दिली. अशा पेटीचा आवाज वाजवणाऱ्याला एक आणि समोरच्याला दुसराच ऐकू येतो, हे वाचलेलं होतं. कानांनी पडताळायचं होतं. भाचा पेटीला लागून उभा होता. तिथे आवाज गोल, मऊ, गुडघ्यांवर येऊन आदळणारा. मी दार उघडून गल्लीत गेलो. पेटीच्या अगदी समोर, पंधरा-वीस पावलांवर उभा राहिलो तर तोच सूर सुईसारखा कानात शिरला. दोन पावलं बाजूला सरकलो, सुई गेली. परत समोर आलो, सुई परत.

यात जादू काही नाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्‌झचा. त्याची लाट चार मीटरहून लांब, ती पेटीला वळसा घालून सगळीकडे पसरते. चार हजार हर्ट्‌झची लाट जेमतेम साडेतीन इंचांची. बारा इंची पडद्यातून ती बॅटरीच्या झोतासारखी सरळ समोर जाते. आणि पेटी असते जमिनीवर. झोत वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांजवळून निघून जातो, त्याच्या कानांना लागतच नाही.

आत आलो तर भाचा म्हणाला, “मामू, तीखापन कम है,” आणि ट्रेबलचं बटण वाढवायला वाकला. त्याचं म्हणणं त्याच्या जागेवरून शंभर टक्के खरं होतं. त्याला जे कमी पडत होतं, ते समोरच्या खिडकीत आधीच जास्त पोचलेलं होतं.

त्या खिडकीत एक खाला राहतात. वय ऐंशीच्या पुढे, झोप कमी. गेल्या ईद-ए-मिलादच्या जुलूसात डीजेची गाडी त्यांच्या दारासमोर थांबली होती, तेव्हा त्यांनी कानांवर उशी धरली होती. इतर मिरवणुकांतही धरतात. खिडकीच्या काचा कुणाचा सण आहे ते विचारून थरथरत नाहीत. आपल्याकडे निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या पेटीतला एकच स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ९८ डेसिबलच्या आसपास जातो. डीजेच्या भिंतीत किती वॅट असतात याचा हिशेब मी करत बसत नाही.

आपण सगळे दुसऱ्याच्या स्पीकरचे डेसिबल मोजतो, कारण त्याच्यासमोर आपण उभे असतो. स्वतःच्या स्पीकरच्या आपण मागे किंवा शेजारी असतो. तिथून तो खरंच गोड आणि जरा कमीच वाटतो. गाडीवर बटणं फिरवणारा पोरगा दुष्ट नसतो. त्याच्यापर्यंत सुई पोचत नाही एवढंच.

पेटी आता मी भिंतीला टेकून मागे कलती ठेवली आहे, तिचं तोंड थेट माझ्या कानांकडे. त्यामुळे आवाज आपोआप कमी राहतो. मजा म्हणजे मोठी पेटी हळू वाजवली तरी मोठीच वाटते. खर्ज भरीव राहतो, लहान डब्यासारखा चिरकत नाही.

जुलूसच्या तयारीची बैठक गेल्या जुम्म्याला झाली. डीजे नको म्हटलं की भांडण होतं, म्हणून मी तसं म्हणालो नाही. एवढंच सुचवलं की गाडी निघण्याआधी, आवाज लावत असताना, कमिटीतल्या दोघांनी खालांच्या खिडकीत जाऊन उभं राहावं आणि ते सांगतील तिथे बटण थांबवावं. दोघे हसले, एक चिडला. एका पोराने विचारलं, “और वो लोग करेंगे क्या ऐसा?” मी म्हटलं, आधी आपण करू, मग त्यांना बोलवू, खिडकी तीच आहे. निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या जुम्म्याला परत बैठक आहे.