पंधरा अधिक सात

दिल्लीत डिलाइट सिनेमासमोर महिला हाट आहे. तिथे दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. २०१९पर्यंत तो दर्यागंजच्या पदपथांवर भरायचा. रहदारीला अडथळा होतो म्हणून उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो तिथून उठला आणि बऱ्याच ओढाताणीनंतर या आवारात आला. लोक अजून ‘दर्यागंज’च म्हणतात. पदपथावरची ती लांबच लांब रांग गेली याची हळहळ जुन्या गिऱ्हाइकांना आहे. मला फारशी नाही. हातात दोन गठ्ठे असताना बाजार आटोपशीर असलेला बरा.

*

कित्येक पथाऱ्यांवर पुस्तकं किलोने मिळतात. शरीरशास्त्र, स्वयंपाक, रशियन कादंबरी, सगळ्यांना एकच काटा, एकच भाव. यातली पुष्कळशी इंग्लंड-अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी काढून टाकलेली. ती कंटेनर भरभरून इकडे येतात. पहिल्या पानावर कुठल्याशा परगण्याच्या ग्रंथालयाचा शिक्का, त्यावर ‘विथड्रॉन’चा दुसरा, शेवटी परतीच्या तारखांचा कागद. शेवटची तारीख पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. म्हणजे माझ्याबरोबर घरी, पुण्याला निघालेलं पुस्तक आधीच समुद्र ओलांडून आलेलं असतं. आणखी चौदाशे किलोमीटर त्याला जड नाहीत, जड जातात ते मला.

*

देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान विमानाच्या पोटात घेतात आणि ७ किलो हातात नेऊ देतात. पंधरा अधिक सात, बावीस. त्यातून मोठ्या चाकांच्या बॅगेचं स्वतःचंच तीन-चार किलो वजन वजा करा, कपडे, चपला, औषधं, चार्जर वजा करा. दिल्लीची थंडी असेल तर स्वेटर-जाकीट आणखी वजा. पुस्तकांना चौदा-पंधरा किलो उरले तर नशीब.

वरच्या प्रत्येक किलोला विमानतळावर पाचशेहून जास्त रुपये पडतात. बाजारात तेवढ्यात दोन किलो पुस्तकं येतात. किलोवर घेतलेलं पुस्तक किलोवरच घरी न्यायचं आणि नेण्याचा भाव घेण्याच्या भावापेक्षा चढा, हा हिशेब पथारीसमोर उकिडवं बसल्यावर कुणाला आठवत नाही.

*

पुस्तकाचं वजन हातात न घेता काढता येतं. छापखान्यातले लोक कागद जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅम. आपल्याकडची साधी पुस्तकं साधारण सत्तर जीएसएमवर असतात. डेमी आकाराचं एक पान, म्हणजे दोन पृष्ठं, सव्वादोन ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. तीनशे पृष्ठांची कादंबरी दीडशे पानांची, म्हणून सव्वातीनशे ग्रॅम, वर मुखपृष्ठ. पुठ्ठा-बांधणी असेल तर आणखी शंभर-दीडशे. तीन कागदी बांधणीच्या कादंबऱ्यांचा एक किलो धरावा.

आर्ट पेपरचं गणितच वेगळं. त्याच्यावर चिनी मातीचा थर असतो, म्हणून तो गुळगुळीत आणि म्हणूनच भारी. १३० जीएसएमच्या ए-फोर आकाराच्या एका पानाचे आठ ग्रॅम होतात. तेवढ्याच तीनशे पृष्ठांचं चित्रकलेचं पुस्तक बांधणीसकट दीड किलोपर्यंत जातं. एका राजपूत लघुचित्रांच्या पुस्तकाच्या जागी चार-पाच कादंबऱ्या. निवड अवघड आहे असं मी म्हणणार नाही. कादंबरी पुण्यातही मिळेल, तसं छापलेलं चित्रांचं पुस्तक मिळेलच असं नाही. जड पुस्तक आधी घ्यावं.

*

काय सोडावं, याची माझी यादी. शब्दकोश (सगळ्यांत जड आणि आता फोनमध्येही असतात). पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर हमखास दिसणारं काहीही. रशियन प्रकाशनांची भौतिकशास्त्राची पुस्तकं, कितीही मोह झाला तरी, कारण ती महाराष्ट्रातल्या निम्म्या शिक्षकांच्या माळ्यावर अजून पडून आहेत. संचातला सुटा खंड मात्र सोडू नये. त्याचा जोडीदार कुठेतरी वाट पाहतोय, हा भ्रम एकदा जडला की तो आयुष्यभर पुरतो.

*

पुस्तकं घरी आणण्याचा विषय निघाला की डॉ. आंबेडकर आठवतातच. १९१३ ते १९१६ या न्यूयॉर्कच्या मुक्कामात त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोनेक हजार पुस्तकं जमवली. लंडनला निघताना ती एका मित्राच्या हवाली केली. त्यांतली थोडीच त्यांच्या हाती आली. पुढे १९१७ साली लंडनहून परतताना ते स्वतः एका बोटीने आले आणि पुस्तकांसह सामान दुसऱ्या बोटीने निघालं. महायुद्ध चालू होतं. सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली. भरपाईचे जे रुपये मिळाले ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्याच्या खर्चाला आले. त्यानंतरही हा माणूस पुस्तकं जमवतच राहिला आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं तेही पुस्तकांना जागा पुरेना म्हणून.

माझ्या तीन किलो जास्तीच्या सामानाचं रडगाणं इथे आवरतो.

*

हातातल्या बॅगेचं माप म्हणजे लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर. समजा ५५, ३५ आणि २५. तिच्यात ४८ लिटर जागा होते. एवढी जागा फट न ठेवता पुस्तकांनी भरली तर वजन तीस किलोच्या पुढे जाईल. आता दुसरा नियम बघा. पैसे भरले तरी ३२ किलोंहून जड असा एकही डाग विमान कंपन्या घेत नाहीत, कारण तो माणसाने उचलून विमानात चढवायचा असतो. म्हणजे मापाने सगळ्यांत लहान असलेली बॅग पुस्तकांनी ठासली, तर ती वजनाने विमानाच्या पोटातही जाणार नाही अशी होऊ शकते. पुस्तकांना मोठी बॅग कधीच लागत नाही. लागतो तो मजबूत दांडा.

*

भरताना जड पुस्तकं चाकांच्या बाजूला, कणा खाली करून. बाकीची आडवी, एकाचा कणा आणि दुसऱ्याची उघडी बाजू अशी आलटून पालटून रचली की थर सपाट बसतो. कोपऱ्यांत मोजे, गंजीफ्रॉक. पुठ्ठ्याच्या बांधणीचे कोपरे पहिल्या आदळण्यातच दबतात, तेव्हा ती पुस्तकं मधोमध. विक्रेता सुतळीने करकचून बांधून देतो, तो गठ्ठा तसाच बॅगेत टाकू नये. सुतळी मुखपृष्ठाच्या कडेला कायमची खाच पाडते.

जाकिटाच्या खिशांत पुस्तकं कोंबून काउंटरवर ऐटीत उभे राहणारे असतात. उकडत असताना जाकीट घातलेला माणूस कुणालाही ओळखू येतो.

*

दिल्ली गेट स्थानक बाजाराजवळच आहे, पण मेट्रोतही माणशी २५ किलोंची मर्यादा आहे. दिल्लीत रविवारी पुस्तकवेड्याला प्रत्येक दारात काटा भेटतो.

*

सुरक्षा तपासणीत पुस्तकांची बॅग हटकून बाजूला काढली जाते. जवानाचा दोष नाही. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी. कागद सेंद्रिय, आणि बरीचशी स्फोटकंही त्याच रंगात दिसतात. त्यात सहा जाडजूड ग्रंथ एकावर एक रचलेले असले की पडद्यावर नुसता गडद तपकिरी ठोकळा उमटतो, आत काय ते कळत नाही. म्हणून हातातल्या बॅगेत पुस्तकं एकावर एक न रचता शेजारी-शेजारी उभी ठेवावीत.

जवान एकेक पुस्तक उघडून फडफडवतो. ‘‘सब किताबें? दुकान है क्या आपकी?’’ नाही म्हटलं की चेहऱ्यावर संशय वाढतो. हो म्हटलं तर पुढचे प्रश्न येतात. ‘‘टीचर हूँ’’ हे उत्तर सगळ्यांना पटतं. मी टीचर नाही.

*

खरं पाहता पुस्तकांचं वाहन रेल्वे. निजामुद्दीनहून सुटणाऱ्या गोवा एक्सप्रेसने पुण्याला यायला एका दिवसाहून अधिक लागतो, पण स्लीपर आणि थ्री-टिअर एसीला माणशी ४० किलो फुकट, आणि फलाटावर सहसा कोणी काटा घेऊन बसलेलं नसतं. रजा शिल्लक असलेल्यांसाठी ही नोंद.

*

टपाल. १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोंना १०० रुपये, वर कर. विमानतळावरच्या दराशी तुलनाच करू नये. पुस्तकं जमिनीवरून सावकाश येतात, येऊ देत. अटी मात्र वाचून जाव्यात. पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ लिहायचं, पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, नियतकालिकं आणि जाहिरातींचं साहित्य चालत नाही. पुस्तक शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक हवं. खिडकीपाशी उभं राहून मनात येतं, रहस्यकथा यांतली कोणती? मी तिला सांस्कृतिक मानतो.

अडचण वेगळीच आहे. बाजार रविवारचा आणि रविवारी बहुतेक टपाल कार्यालयं बंद. त्यामुळे परतीचं तिकीट सोमवारी संध्याकाळचं काढावं. सकाळी दोन पुडकी टपालात टाकून हलक्या हाताने विमानतळ गाठता येतो. (एक रात्र मुक्कामाचा खर्च वाढतो, तो कुठल्या खात्यात धरायचा हे ज्याने त्याने ठरवावं.)

*

घरी आलेली पुस्तकं थेट कपाटात लावू नयेत. गोदामातल्या पुस्तकांबरोबर कसर येते, तिची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. एक पान जरी चाळणीसारखं झालेलं दिसलं तरी ते पुस्तक वेगळं काढावं. बुरशीचा ओला वास येत असेल तर तेही. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला आमच्या आजीच्या काळापासून आहे. त्याने कीड लांब राहत असेल, आत शिरलेली मरत नाही. ग्रंथसंग्रहालयांची रीत थंडीची. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचं, बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही. नाहीतर हवेतलं पाणी कागदावर धरतं.

घरच्या फ्रीजरमध्ये हे तापमान मिळतं. मी पहिली खेप रचून ठेवली, तेवढ्यात मंडईतून आणलेल्या मटारचे दाणे सोलून झाले होते.

‘‘या पुस्तकांना अजून किती दिवस?’’

‘‘दोन आठवडे.’’

‘‘आणि हे चार किलो मटार?’’

लघुचित्रांचं पुस्तक बाहेर काढावं लागलं. जागा तेच सर्वांत जास्त अडवत होतं.