डाव्या हाताचे शिक्षण

मुलांना एखादे वाद्य शिकवावयाचे म्हटले की शिक्षक शोधणे आले, आणि शिक्षक शोधणे म्हणजे आपल्याला नेमके काय शिकवून हवे आहे याचा उलगडा करून घेणे आले. हा उलगडा आपण बहुधा टाळतो. घराजवळचा क्लास, परवडणारी फी आणि सोयीची वेळ एवढ्यावर निर्णय होतो, आणि पुष्कळदा त्याने काही बिघडतही नाही. वाद्य परक्या परंपरेतले असले म्हणजे मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. सिंगापुरात आमच्या पुतणीसाठी गुझंग या चिनी तंतुवाद्याचा शिक्षक शोधताना आम्हां उभयतांना याचा अनुभव आला. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. चिनी संगीतात आमचा अधिकार काहीच नाही. तरीही या निमित्ताने जे पाहिले, वाचले आणि ऐकले ते शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

सिंगापुरातील पुष्कळ शाळांत चिनी वाद्यवृंद असतो. शाळेची वाद्ये असतात, आठवड्यातून एकदोनदा तालीम होते, आणि कोणत्याही घरातले मूल त्यात सामील होऊ शकते. तेथे भारतीय मुलांना शाळेत तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एक भाषा घेता येते. मराठीची सोय नाही. त्यामुळे आमची दहा वर्षांची पुतणी घरी मराठी बोलते, शाळेत इंग्रजी आणि हिंदी शिकते, आणि वाद्यवृंदात चिनी वाद्य वाजवते. यात काही विसंगत आहे असे तिला वाटत नाही. तालमीपुरते शिक्षण अपुरे पडू लागले तेव्हा बाहेर शिकवणी लावावी असे ठरले, आणि उन्हाळी सुटीत तेथे गेलेल्या आम्हांवर शोधाचे काम आले. "दादा, वहिनी, शिक्षक कसा ओळखायचा हे तुम्हांलाच कळणार," असे म्हणून आमचा धाकटा भाऊ मोकळा झाला.

चिनी तंतुवाद्यांत मुलांसमोर साधारणपणे तीन पर्याय येतात. अरहूला दोनच तारा, पडदे नाहीत, आणि गज दोन तारांच्या मधून फिरतो. सुरुवातीचे काही महिने घरच्यांच्या कानांची परीक्षा होते. पिपाला चार तारा आणि पडदे. ती मांडीवर उभी धरायची, आणि उजव्या हाताची पाचही बोटे कामाला लागतात. गुझंग मात्र पहिल्या दिवसापासून गोड वाजते. सुमारे पाच फूट लांबीची पेटी, तिच्यावर एकवीस तारा, प्रत्येक तारेखाली स्वतंत्र, सरकवता येणारी घोडी. बोटांना चिकटपट्टीने नख्या बांधायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. तारा पंचस्वरी लावलेल्या असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, रे, ग, प, ध; म्हणजे नुसता हात फिरवला तरी भूपाचे स्वर निघतात. गुझंगच्या वर्गांना गर्दी असते त्याचे एक कारण या सुलभतेत असावे.

ही सुलभता उजव्या हातापुरतीच आहे. घोडीच्या डाव्या बाजूला तारेचा जो भाग उरतो तो छेडायचा नसतो. डाव्या हाताने दाबायचा असतो. मध्यम हवा असेल तर गंधाराची तार दाबून चढवायची. निषाद हवा असेल तर धैवताची. किती दाबायचे हे तारेवर कोठेही लिहिलेले नाही. दाब आधी देऊन हळूहळू सोडला तर एक परिणाम, छेडल्यावर दिला तर दुसरा, दाब हलवत ठेवला तर आंदोलन. दक्षिणेकडील चाओचौ शैलीत हा दाब असा दिला जातो की मिळणारा स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी राहतो. हनान प्रांताची शैली जोरकस कंपनासाठी ओळखली जाते. थोडक्यात, उजव्या हाताने आवाज निघतो, आणि तो कोणत्या प्रदेशाचा, कोणत्या परंपरेचा हे डावा हात सांगतो. मींड आणि श्रुती हे शब्द ज्यांच्या कानावरून गेले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता शोधाविषयी. एका वाद्यांच्या दुकानात मागच्या बाजूला शिकवणीच्या खोल्या होत्या. तेथे अर्ध्या तासाचा पाठ, श्रेणीनुसार लावलेली पुस्तके आणि भिंतीवर परीक्षांचे वेळापत्रक. बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्वेटरीच्या श्रेणी-परीक्षा सिंगापुरातही देता येतात. तेथल्या तरुण शिक्षकाने नम्रपणे विचारले, "बारावे वर्ष लागेपर्यंत कोणती श्रेणी हवी आहे?" प्रश्न निरर्थक नव्हता. 2004 सालापासून सिंगापुरात माध्यमिक शाळांत थेट प्रवेशाची योजना आहे. खेळ, कला, संगीत यांतील गुण पाहून सहावीच्या परीक्षेचा निकाल लागण्याआधीच काही मुलांची निवड होते. आमच्या भावाच्या मनात तेच होते, आणि मुलीच्या भवितव्याची काळजी करणाऱ्या बापाला त्यासाठी दोष देता येत नाही.

दुसरा पत्ता एका वयस्क बाईंचा होता. त्या मूळच्या हनान प्रांतातल्या; सरकारी वसाहतीतल्या आपल्या घरी चारपाच मुलांना शिकवतात. त्यांना इंग्रजी जेमतेम येते, पुतणीला चिनी येत नाही. त्यांनी तिला वाजवायला न सांगता गायला सांगितले. तिने आजीने शिकवलेली भूपातील सरगम म्हटली. लाओशींनी (शिक्षकांना तेथे असेच संबोधतात) ती दोन वेळा ऐकली आणि डावा हात न लावता, नुसत्या सुट्या तारांवर वाजवून दाखवली. मग गंधाराची तार दाबून त्यांनी एक स्वर काढला आणि मुलीकडे पाहिले. "हा यात नाही," मुलगी मराठीत म्हणाली. बाई मान डोलावून हसल्या. वाक्य त्यांना कळले नसणार, पण नकार कळला. आमच्या भावाने श्रेणीचे विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "आधी हात. श्रेणी मागाहून." केव्हा, हे काही त्यांनी सांगितले नाही.

येथे गुरुपरंपरेचे गोडवे गाऊन परीक्षापद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. आम्हांला ते न्याय्य वाटत नाही. अरहूचेच उदाहरण पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते वाद्य रस्त्यावरच्या वादकांचे, नाटकमंडळींचे आणि भिक्षेकऱ्यांचे मानले जाई. ल्यू थ्येनह्वा (1895–1932) यांनी ते विद्यापीठात नेले. 1922 पासून ते पेकिंग विद्यापीठात शिकवीत. त्यांनी अरहूसाठी दहा स्वतंत्र रचना आणि सत्तेचाळीस अभ्यासपाठ लिहिले, आणि 1927 मध्ये राष्ट्रीय संगीताच्या सुधारणेसाठी संस्था काढली. पलुस्करांचे 1901 सालचे लाहोरचे विद्यालय आणि भातखंड्यांची स्वरलिपी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही धडपड ओळखीची वाटेल. त्याच अरहूचा दुसरा थोर वादक आबिंग हा वूशी शहरात रस्त्यावर वाजवणारा अंध कलावंत. तो ताओपंथी मंदिरात आपल्या बापाकडे शिकला. 1950 मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, दोन संशोधकांनी त्याच्या सहा रचना ध्वनिमुद्रित केल्या. बाकीच्या त्याच्याबरोबर गेल्या. केवळ गुरुमुखावर विसंबलेल्या विद्येची किंमत ती हीच. आणि मंदिरातली ती विद्या एखाद्या मराठी मुलीपर्यंत कधी पोहोचली असती? तिच्यासाठी दार उघडले ते शाळेने, छापील पुस्तकाने आणि अंकलिपीने.

या अंकलिपीविषयी थोडे सांगायला हवे. ज्येनपू नावाची ही पद्धत मूळ युरोपातली. जपानमार्गे ती विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये आली. एक ते सात हे अंक म्हणजे सात स्वर. वर-खाली टिंबे दिली की सप्तक कळते, खाली रेघा मारल्या की काल कळतो. लाओशी आणि पुतणी यांच्यात सामाईक भाषा आहे ती एवढीच. याच्या उलट गुचिन या सात तारांच्या प्राचीन वाद्याची लिपी: तीत बोट कोणते, तार कोणती, जागा कोणती हे सारे असते, पण लय लिहिलेली नसते. जुनी संहिता उकलून तिची लय ठरवणे हे वादकाचे स्वतंत्र काम, आणि त्याला महिनोन्‌महिने लागू शकतात. एक लिपी लय गाळते, दुसरी डाव्या हाताचा दाब. गाळलेले भरून काढायला दोन्हींना माणूस लागतो. साहित्याच्या अध्यापकांना हे नवे नाही. छापील कवितेत श्वास कोठे घ्यावा हे लिहिलेले नसते, आणि मार्गदर्शिकांतून ते शिकलेला विद्यार्थी आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

कन्फ्यूशियस गुचिन शिकत असतानाची एक कथा सिमा च्येन या इतिहासकाराने सांगितली आहे. काही दिवसांनी गुरू म्हणाला, "आता पुढचे शिकायला हरकत नाही." शिष्य म्हणाला, "चाल आली, पण तंत्र आले नाही." पुन्हा काही दिवसांनी गुरूने तेच सुचवले, शिष्य म्हणाला, "तंत्र आले, पण आशय कळला नाही." आशय कळल्यावर म्हणाला, "हे रचणारा माणूस अजून दिसत नाही." अखेर त्याला तो दिसला, आणि गुरूने आसनावरून उठून नमस्कार केला. या कथेत पुढच्या धड्याची घाई गुरूला आहे आणि थांबण्याचा हट्ट शिष्याचा आहे. श्रेणी-परीक्षेचे वेळापत्रक मुलाकडून नेमका हा हट्ट काढून घेते. मुले निसर्गतः हट्टी असतात. आवडलेली ओळ ती पन्नास वेळा वाजवतात. घरचेच म्हणतात, पुरे झाले, पुढचे घे.

भावाशी आमचे बोलणे दोन रात्री चालले. शेवटी ठरले ते असे: शाळेचा वाद्यवृंद सोडायचा नाही, लाओशींकडे आठवड्यातून एक दिवस जायचे, आणि परीक्षेचा अर्ज वर्षभर भरायचा नाही. यात धोका आहे आणि तो आमच्या भावाने पत्करला आहे, आम्ही नव्हे. प्रमाणपत्राचा आधार नसताना थेट प्रवेशाच्या निवडीत मुलीचे काय होईल हे सांगता येत नाही. शिवाय वाद्यवृंदात सर्वांना एकाच स्वरात राहावे लागते. लाओशी शिकवतात ती घसरण तेथे चालत नाही. मुलीला एकच तार दोन ठिकाणी दोन प्रकारे दाबावी लागते. मोठ्यांना यात ओढाताण दिसते. घरी एक भाषा, शाळेत दुसरी असे वाढलेल्या मुलीला कदाचित ती दिसणारही नाही.

अशा शोधात असलेल्या पालकांना आम्ही एवढेच सुचवू. क्लास चांगला की घरगुती शिक्षक चांगला हा वाद करीत बसू नये. दोहोंचे काम निराळे आहे. पहिल्या भेटीत फी आणि श्रेणी जरूर विचारावी. मात्र त्यानंतर शिक्षकाला मुलासमोर दहा मिनिटे वाजवायला सांगावे, आणि आपण त्याच्या डाव्या हाताकडे पाहावे. मूल कोणत्या हाताकडे पाहत आहे, हेही पाहावे.